प्रबंध शोधगंगेवर आहे, पण त्यामागचा डेटा कुठे आहे?

आयर्विनकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीतील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि काही वर्षांपासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. गेल्या महिन्यात आमच्यापुढे जी अडचण उभी राहिली ती एकट्या माझी नसावी, म्हणून हा धागा काढत आहे. इथे सांगली-सातारा भागातील प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, सध्या संशोधन करणारी मुले-मुलीही आहेत. सर्वांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

माझ्या एका विद्यार्थ्याने २०१६-१७ मध्ये मिरज आणि वाळवा तालुक्यांतील क्षारपड जमिनींची पाहणी केली होती. कसबे डिग्रज, दुधगाव आणि आसपासच्या गावांत दोनशेहून अधिक शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्याने बारा पानी प्रश्नावली भरून घेतली. उसाला किती पाळ्या पाणी दिले जाते, शेतात मीठ कधीपासून फुटू लागले, उतारा किती घटला, सोसायटीचे कर्ज किती थकले, असे सगळे त्यात होते. पदवी मिळाली, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेला. आता माझी दुसरी विद्यार्थिनी त्याच गावांत, शक्यतो त्याच घरी जाऊन, ज्यांनी मधल्या काळात भूमिगत निचरा करून घेतला त्यांच्या जमिनीत आणि उत्पन्नात काय फरक पडला हे पाहू इच्छिते. अशी तुलना आपल्या भागात क्वचितच करता येते, म्हणून आम्ही दोघेही उत्साहात होतो.

प्रबंधात सरासऱ्या आणि टक्केवारी आहे, परंतु मूळ उत्तरे नाहीत. प्रश्नावल्यांचे गठ्ठे त्या विद्यार्थ्याच्या घरी तळमजल्यावर ठेवलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीच्या १२ फूट वर, आणि त्या गठ्ठ्यांचा लगदा झाला. ज्या लॅपटॉपवर आकडे भरले होते तो केव्हाच विकला गेला. हाती आला एक पेन ड्राइव्ह. त्यात तीन फायली आहेत आणि तिन्हींच्या नावात ‘फायनल’ हा शब्द आहे. स्तंभांना प्र१ पासून प्र६४ पर्यंत नावे आहेत, खाली नुसते आकडे आहेत. मुलाखतींची टिपणे युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये असल्यामुळे उघडल्यावर केवळ चिन्हांची रांग दिसते.

मी आमच्या ग्रंथपालांकडे गेलो. प्रबंधाची बांधीव प्रत त्यांनी दोन मिनिटांत काढून दिली. डेटाविषयी मात्र त्यांना कधी कोणी विचारलेलेच नव्हते. मी मार्गदर्शक होतो आणि मीही विचारले नव्हते, ही माझी चूक मी इथे स्पष्टपणे नोंदवतो. सारांश सादर करायला जागा होती, साम्य-अहवालाला, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो याच्या अहवालाला, जागा होती, शुल्काच्या पावतीलाही जागा होती. ज्या आकड्यांवर सारा प्रबंध उभा आहे ते कुठे ठेवायचे, एवढे मात्र कोणत्याही अर्जात नव्हते.

हे काम ग्रंथालयाने करावे, असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयांची आणि विद्यापीठांची ग्रंथालये यात आज काय करू शकतात, आणि आपण त्यांच्याकडे नेमके काय मागावे?

पानोपानी, सातारा

सर, मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आपण चूक मान्य केलीत, पण ती आमच्याही बाजूला तितकीच आहे.

आमच्याकडे संशोधक विद्यार्थी दोन वेळा येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला एन-लिस्टचा, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिके आणि ई-पुस्तकांच्या सेवेचा, पासवर्ड आणि संदर्भ हवे असतात. त्यानंतर तो थेट शेवटच्या महिन्यात येतो, साम्य-तपासणीसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून सगळे लक्ष त्या आकड्यावर असते. अकरा टक्के आले की माणूस रात्रभर वाक्ये बदलत बसतो. परंतु तक्ता क्रमांक ४.१२ मधील आकडे कोठून आले, ते आज पुन्हा काढून दाखवता येतील का, हा प्रश्न त्याला कोणीच विचारत नाही. मधल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे खरा डेटा जमत असतो त्या काळात, आमची आणि त्याची गाठच पडत नाही.

आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या आयोगाच्या केंद्राने शोधगंगा उभी केली. पूर्वी प्रबंध पाहण्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसावे लागे. आता जतमधला विद्यार्थी मोबाईलवर तो वाचतो. नियम झाला, जागा तयार झाली आणि काम रुळले. डेटाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट अजून झालेली नाही.

अलीकडचे उदाहरण पाहा. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. योजना चांगलीच आहे आणि मी स्वतः तिचा प्रचार करते. परंतु दुसऱ्यांचे निष्कर्ष वाचण्यासाठी एवढी तजवीज होत असताना, आपल्याच मुलांनी आपल्याच गावांत उन्हातान्हात फिरून गोळा केलेली माहिती एका पेन ड्राइव्हवर पडून राहते, याचे मला फार वाईट वाटते.

मी गेल्या दोन वर्षांपासून एक लहान प्रयोग करते आहे. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीती हा २ श्रेयांकांचा विषय आता सक्तीचा आहे. त्यातला एक तास मी मागून घेतला. त्या तासाला प्रत्येकाने एक पान लिहायचे: मी काय गोळा करणार, कोणत्या स्वरूपात, रोजच्या रोज कुठे साठवणार, दुसरी प्रत कोणाकडे असणार, कोणाला पाहता येणार, आणि पदवीनंतर ते कुठे जाणार. परदेशात याला डेटा व्यवस्थापन आराखडा म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०११ पासून अनुदानाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत तो मागायला सुरुवात केली आणि तिथल्या विद्यापीठ-ग्रंथालयांत त्यासाठी स्वतंत्र माणसे नेमली गेली. आमच्याकडे माणूस एकच आहे आणि तोच देवघेवीच्या टेबलावरही बसतो. तरीही एक पान लिहून घेणे मला जमते. पहिल्या वर्षी बहुतेकांनी ‘कुठे साठवणार’ या प्रश्नासमोर ‘लॅपटॉप’ एवढा एकच शब्द लिहिला होता.

विश्रामबागकर, सांगली

मी संख्याशास्त्र शिकवतो. आयर्विनकाठ सर, त्या फायलीत नेमके काय वाचता येत नाही, ते एखाद्या स्तंभाचे उदाहरण देऊन सांगाल का? बऱ्याचदा आकडेच आपली ओळख सांगतात.

आयर्विनकाठ, सांगली

सांगतो. प्र१७ हा स्तंभ जमीनधारणेचा असावा, कारण त्यात ०.२०, १.२०, २.३५ असे आकडे आहेत.

आता १.२० म्हणजे काय? आपल्याकडे शेतकरी ‘एक एकर वीस गुंठे’ सांगतो आणि आपण ते १.२० असे लिहितो. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हा दीड एकर झाला. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. तिथून उतरवून घेतले असेल तर हेच १.२० म्हणजे जवळपास तीन एकर होतात. एकाच आकड्याचा अर्थ दुपटीने बदलतो. त्यातच एक्सेलने शेवटचे शून्य काढून टाकल्यामुळे काही ठिकाणी नुसते १.२ दिसते, ते एक एकर दोन गुंठे असण्याचीही शक्यता आहे.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकर-गुंठ्यांत लिहिलेले आकडे कोणी सरळ बेरजेला लावले असतील तर बेरीजच चुकली. १.२० आणि १.३० यांची बेरीज संगणक २.५० सांगतो, खरी बेरीज ३ एकर १० गुंठे आहे. प्रबंधातील सरासरी धारणाक्षेत्र यातून कसे काढले गेले, हे आज मला, त्याच्या मार्गदर्शकाला, सांगता येत नाही.

विश्रामबागकर, सांगली

एक तपासणी लगेच करता येईल. दशांश चिन्हानंतरचे दोन अंक ४० किंवा त्याहून अधिक आहेत अशा ओळी वेगळ्या काढा. गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे अशा ओळी निश्चितपणे हेक्टर-आरमधील आहेत, किंवा कोणी आधीच दशांश एकरात रूपांतर केलेले आहे. त्या ओळी सर्व गावांत विखुरलेल्या आहेत की ठरावीक गावांत एकवटलेल्या आहेत, तेही पाहा. ४० च्या खालच्या ओळींचा उलगडा मात्र एवढ्याने होणार नाही. तिथे बाहेरचाच पुरावा लागेल.

पुढच्या वेळी एकर एका स्तंभात, गुंठे दुसऱ्या स्तंभात आणि एकक कोणते ते तिसऱ्या स्तंभात लिहावे. तारखेचेही असेच आहे. ०५/०८/२०१९ ही आपल्या दृष्टीने ऑगस्टमधली, महापुराच्या आठवड्यातली तारीख आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो तिला ८ मे समजतो आणि तक्रारही करत नाही. २०१९-०८-०५ असे वर्ष आधी लिहिले की शंका राहत नाही. तारखेसारख्या दिसणाऱ्या नावांचीही आपोआप तारीख करण्याच्या एक्सेलच्या सवयीपायी जगभरच्या जनुकांच्या याद्या बिघडत होत्या. अखेर २०२० मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावेच बदलावी लागली.

स्तंभांचा शब्दार्थ सांगणारी एक साधी मजकूर-फाइल डेटाच्या शेजारी ठेवणे, याला पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. प्र१७ म्हणजे काय, एकक कोणते, ९९ लिहिले असेल तर उत्तर दिले नाही असा अर्थ आहे की लागू नाही असा आहे, एवढेच तिथे हवे.

कोयनाखोरे, कराड

मी मातीचा माणूस आहे, म्हणून क्षारपड जमिनीच्या संदर्भात एक भर घालतो. आपल्या विद्यार्थ्याने मातीच्या तपासणीचे आकडे नोंदवले असतील तर त्यांच्याकडे फार जपून पाहा. मातीची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात, हे पुस्तकात असते. पण ती मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा पुष्कळदा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे द्रावण करून मोजतात आणि त्यात आकडा बराच कमी येतो. पद्धत लिहिलेली नसेल तर ‘वाहकता १.१’ या नोंदीवरून ती जमीन चांगली आहे की बिघडलेली, हे ठरवता येणार नाही. शिवाय काही अहवाल मायक्रोसायमनमध्ये असतात, तिथे आकडा हजारपट मोठा दिसतो. नवी विद्यार्थिनी वेगळ्या पद्धतीने तपासणी करून घेईल आणि दोन्हींची वजाबाकी करून निचऱ्याचा परिणाम मांडेल, तर तो निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा ठरेल. आणि त्याच्या भरवशावर एखादा शेतकरी एकरी मोठा खर्च करून बसेल.

जुन्या नोंदी सांभाळल्यामुळे काय घडते, याचे उदाहरण आमच्या उशाशीच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर या भागातील लहानमोठ्या धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या आणि जलाशयाच्या पाणीपातळीच्या नोंदीही त्यांच्या शेजारी ठेवता आल्या. त्यामुळेच पाणी चढण्या-उतरण्याचा आणि धक्क्यांचा संबंध जगापुढे मांडता आला, आणि पुढे खोल विंधन करून अभ्यास करणारी भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आली. १९६७ सालच्या नोंदी ज्यांनी घेतल्या, त्यांना पुढे कोण कशासाठी वापरणार याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी वेळ, ठिकाण आणि उपकरण लिहून ठेवले, तेवढे पुरले.

गंगापुरी, वाई

या चर्चेत एक गोष्ट मागे पडते आहे, म्हणून लिहितो. मी समाजशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि डेटा जपण्याच्या बाजूचाच आहे. परंतु ‘ग्रंथालयात ठेवा’ आणि ‘सर्वांना खुला करा’ या दोन गोष्टी कोणी एक समजू नयेत.

शेतकऱ्याने कर्जाचा आकडा सांगितला तो समोर बसलेल्या मुलाच्या विश्वासावर. चहा पाजला, सोप्यात बसवले, आणि जे भावकीलाही सांगितले नव्हते ते सांगितले. नाव गाळले म्हणजे ओळख पुसली, असे आपण समजतो. शंभर-सव्वाशे उंबऱ्यांच्या गावात परटाचे एकच घर, त्याची दोन एकर जमीन आणि एक कोरडी बोअर, एवढे लिहिले तरी गावातला कोणीही बोट ठेवून सांगेल की हा अमुक. मग त्याच ओळीत पुढे सावकाराच्या कर्जाचा आकडा असेल तर आपण त्या माणसाचे काय केले, याचा विचार करावा.

माझ्या काळात आम्ही तोंडी परवानगी घेत असू आणि तीही ‘माझ्या अभ्यासासाठी’ एवढीच. त्या परवानगीवर ते आकडे दुसऱ्याच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. आता तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झालेला आहे. संशोधनाला त्यात काही सवलत असली तरी तिलाही अटी आहेत. आयर्विनकाठ, आपल्या त्या दोनशे शेतकऱ्यांनी कशाला संमती दिली होती, हे आधी पाहा.

पानोपानी, सातारा

गंगापुरी सर, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी हे काम ग्रंथालयाकडे असावे असे मी म्हणते. आज तोच कर्जाचा आकडा एका जुन्या लॅपटॉपबरोबर विकला गेला आहे. तो कोणाच्या हाती पडला, हे कोणालाच माहीत नाही. ग्रंथालयात निदान नोंदवही असते, कुलूप असते आणि कोणी काय पाहिले याची नोंद राहते.

डेटाचे वर्णन खुले ठेवून डेटा बंद ठेवता येतो. अमुक वर्षी अमुक तालुक्यांत अशी पाहणी झाली, प्रश्न हे होते, फाइल अर्ज केल्यावर विशिष्ट अटींवर पाहता येईल, असे म्हणता येते. फेअर म्हणून जी तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत सापडणे, मिळवता येणे, इतर माहितीशी जुळणे आणि पुन्हा वापरता येणे या चार गोष्टी आहेत. सगळे काही उघड्यावर मांडा, असे त्यात म्हटलेले नाही. नावांची यादी आणि उत्तरांची फाइल वेगवेगळ्या ठेवायच्या आणि त्यांना जोडणारे क्रमांक तिसऱ्याच ठिकाणी कुलपात ठेवायचे. गावाचे नाव गाळून तालुक्यापर्यंतच थांबायचे, जमिनीचा नेमका आकडा न देता गट द्यायचा, हेही करता येते. आयर्विनकाठ सरांच्या बाबतीत त्याच घरी परत जायचे असल्यामुळे जोड-यादी नष्ट करून चालणार नाही. ती मार्गदर्शक आणि ग्रंथपाल या दोघांच्याच ताब्यात असावी.

संमतीपत्रात दोन वाक्ये वाढवावी लागतील: ही माहिती नाव न देता ग्रंथालयात जपून ठेवली जाईल, आणि पुढे दुसरा अभ्यासक परवानगीने ती वापरू शकेल. हे वाचून दाखवल्यावर कोणी नकार दिला तर त्याचा नकार नोंदवायचा.

बोरनदी, जत

मी सध्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. जत तालुक्याच्या पूर्व भागातील टँकरवर अवलंबून असलेल्या वाड्यांतील स्त्रियांच्या पाणी भरण्याच्या वेळेवर काम करते आहे. सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. थोडे भीत भीत विचारते, कारण हा प्रश्न आमच्या वर्गात सगळ्यांच्या मनात आहे.

मी उन्हाळ्यात पहाटे चारला उठून बायकांबरोबर टँकरच्या रांगेत उभी राहिले आहे. घड्याळ लावून नोंदी केल्या आहेत. माझ्या वहीत प्रत्येक घागरीची वेळ आहे. ही फाइल मी ग्रंथालयात दिली आणि माझा प्रबंध पूर्ण होण्याआधी दुसऱ्या कोणी त्यावर लेख लिहिला, तर मी काय करायचे? आमच्या ओळखीच्या एका ताईंचे आकडे असेच तिसऱ्याच्या शोधनिबंधात आले आणि त्यांचे नाव कुठेच नव्हते. ग्रंथपाल मॅडम, यावर काही उपाय आहे का?

पानोपानी, सातारा

आहे, आणि भीती बाळगू नका, तुमचा प्रश्न रास्त आहे. डेटा ठेवताना त्यावर मुदतबंदी घालता येते. दोन वर्षे किंवा प्रबंध मंजूर होईपर्यंत फाइल कोणालाही दिसणार नाही, फक्त तुमच्या नावाने तिची तारीखवार नोंद राहील. उद्या वाद झालाच तर ती नोंदच तुमचा पुरावा आहे.

दुसरे असे की, डेटालाही पुस्तकासारखा कर्ता असतो. झेनोडो नावाचे भांडार युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केले. तिथे एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा विनाशुल्क मिळते आणि प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. तुमच्या घागरींच्या वेळा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या मजकूर-फाइलमध्ये, एक-दोन एमबीसुद्धा व्हायच्या नाहीत. तुमचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा आणि तो त्या नोंदीला जोडा. मग कोणी आकडे वापरले तर त्याने संदर्भ देणे अपेक्षित असते, आणि तो संदर्भ तुमच्या नावावर जमा होतो. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, स्वतःची डेटा सेवा आहे, जीवशास्त्राच्या डेटासाठी फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. तुमच्या विषयाला कोणते योग्य, हे पाहून सांगणे हेच आमचे काम आहे. त्यासाठी ग्रंथपालाने संगणकतज्ज्ञ असायला हवे असे नाही. वर्गीकरण करणे, वर्णन लिहिणे आणि नोंद सापडेल अशी ठेवणे, हे आम्ही पुस्तकांसाठी रोजच करतो.

आणि ती वही तेवढी आधी स्कॅन करा. आजच.

विश्रामबागकर, सांगली

साठवणुकीबद्दल एक मुद्दा सांगलीकरांसाठी. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा नियम जगभर सांगतात. आपल्याकडे ‘दुसरे ठिकाण’ याचा अर्थ शेजारची इमारत असा घेऊन चालणार नाही. २०१९ मध्ये जी घरे, दुकाने आणि वाचनालये पाण्यात गेली ती एकाच पुरात, एकाच दिवसांत गेली. गावभागातल्या दोन घरांत दोन प्रती ठेवल्या तर ती एकच प्रत समजावी. निदान एक प्रत नदीच्या पूररेषेबाहेर, शक्य तर दुसऱ्या जिल्ह्यात असावी. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये समूह विद्यापीठ म्हणून झाले आहे, इकडे शिवाजी विद्यापीठाची मोठी परंपरा आहे. दोन्हीकडच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी एकमेकांच्या प्रती सांभाळण्याचे साधे करार केले तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

महाविद्यालयांनी स्वतःचा सर्व्हर उभारण्याच्या मागे लगेच लागू नये, असे मात्र माझे स्पष्ट मत आहे. उत्साहाने डीस्पेस ही डिजिटल भांडाराची प्रणाली बसवली जाते, ती बसवणारा तरुण दुसरीकडे नोकरीला जातो, आणि वर्षभरात तो संगणक जिन्याखाली जातो. जिथे सांभाळणारे आहेत तिथेच डेटा ठेवावा आणि आपल्या ग्रंथालयात त्याची सूची ठेवावी.

आयर्विनकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते सांगतो.

विश्रामबागकर सरांनी सांगितल्याप्रमाणे ४० च्या वरच्या ओळी वेगळ्या काढल्या. त्या सर्व गावांत विखुरलेल्या नाहीत. पाच गावांतच आहेत. दरम्यान आमच्या ग्रंथपालांनी बांधीव प्रत पुन्हा काढली आणि शेवटचे पान उलटले. शोधगंगेवर प्रकरणनिहाय फायली चढवताना परिशिष्ट राहून गेले होते, पण बांधीव प्रतीत संपूर्ण प्रश्नावली आहे, सर्व ६४ प्रश्नांसह. प्र१७ समोर छापले आहे: ‘एकूण जमीन, एकर-गुंठे’. मग त्या पाच गावांचे काय, म्हणून त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याला आठवले की तीन गावांत शेतकऱ्यांनी सातबाराच पुढे ठेवला होता आणि त्याने तसेच्या तसे उतरवून घेतले. उरलेल्या दोन गावांत दोन्ही प्रकार झाले असावेत. तिथल्या घरांची जमीन नव्याने विचारूनच ठरवावी लागेल. मातीचे आकडे कोणत्या पद्धतीचे होते, हे मात्र त्यालाही सांगता आले नाही, म्हणून कोयनाखोरे यांच्या इशाऱ्यानुसार ते तुलनेतून पूर्णपणे वगळत आहोत.

गंगापुरी सर, संमतीपत्राचा नमुनाही परिशिष्टात सापडला. त्यात ‘या अभ्यासापुरते’ असेच शब्द आहेत. त्यामुळे जुनी उत्तरे वापरण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन नव्याने विचारायचे आम्ही ठरवले आहे. जे नाही म्हणतील त्यांची ओळ काढून टाकली जाईल. विद्यार्थिनीने पानोपानी मॅडमनी सांगितलेली दोन वाक्ये संमतीपत्रात घातली आणि बारा पानी प्रश्नावलीच्या आधी ती मोठ्याने वाचून दाखवायची, असे आमचे ठरले आहे.

तीन ‘फायनल’ फायलींपैकी कोणती खरी, हे प्रबंधातील तक्ते पुन्हा काढून तपासले. दुसरी जुळते. ती सीएसव्हीमध्ये बदलून, स्तंभांचा अर्थ सांगणारी मजकूर-फाइल सोबत जोडून, ग्रंथपालांकडे दिली आहे. दुसरी प्रत पानोपानी मॅडमनी साताऱ्याला ठेवून घेण्याचे मान्य केले आहे. दाखल नोंदवहीत डेटासाठी रकाना नव्हता. ग्रंथपालांनी प्रबंधाच्याच दाखल क्रमांकापुढे तिरपी रेघ मारून ‘डे-१’ असे लिहिले आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

जुन्या फाँटमधील मुलाखतींची ४३ पाने तेवढी अजून वाचता येत नाहीत. अशा फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा अनुभव इथे कोणाला असेल तर कृपया कळवावे. एका पानाचा नमुना, नावे झाकून, पाठवता येईल.